चौथं शील

डिलाईल रोडची चाळ पाडायची ठरली, तेव्हा शेवंताबाई मोहिते करी रोडच्या टॉवरमध्ये भाड्याचे घर पाहायला गेल्या. लिफ्टमध्ये एजंटाने बजावले, "मावशी, मोहिते आडनाव चालून जाईल. जात विचारली तर मराठा सांगून टाका."

"रोज सकाळी पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाही, हे त्यातलंच एक शील आहे."

घर पसंत पडले. मालक कदमांनी विचारलेच, "तुम्ही मराठाच ना?"

"नाही. आम्ही बौद्ध. जय भीम!"

कदमांनी लगबगीने दार लावले. "हळू बोला, मावशी. आम्हीही बौद्धच; पण या बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही."


शेवंताबाईंनी दार सताड उघडले. "लपूनच जगायचं होतं, तर आपण धर्म कशाला बदलला?"