ऑक्टोबरातलं नवं वर्ष

दुपारचे तीन वाजले होते आणि मध्यरात्र व्हायला दहाच सेकंद उरले होते. एकार्ट लिंडनरने हात वर केला. अख्खं सभागृह त्याच्याबरोबर उलटे आकडे मोजू लागलं. शून्यावर बँड दणाणला, छतावरून चकचकीत कागदाचे कपटे कोसळले. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा!" एकार्ट कॅमेऱ्याकडे बघून ओरडला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री निम्मा जर्मनी टीव्हीवरचा जो गाण्यांचा कार्यक्रम बघत वर्ष बदलतो, तो असा आधीच उरकलेला असतो. प्रेक्षक भरदुपारी ठेवणीतले कपडे घालून येतात. शॅम्पेनच्या ग्लासात सफरचंदाचा सोडा असतो, कारण खरी शॅम्पेन दिली तर दुसऱ्या टेकला कुणी धड उभं राहणार नाही. सूत्रधार म्हणून एकार्ट हे सोंग वीसेक वर्षं मन लावून वठवत होता.

त्याची बायको गुड्रुन मात्र या चित्रीकरणाला कधीच आली नव्हती. वेळेआधी शुभेच्छा घेणं अपशकुनी, हे तिचं ठाम मत. "माझं वर्ष माझ्या सोफ्यावरच येऊ दे," म्हणायची. त्या रात्री नवऱ्याला शेजारी बसवून ती टीव्हीतल्या नवऱ्याच्या टायला नावं ठेवायची. बारा वाजले की आधी टीव्हीतला तिला शुभेच्छा द्यायचा, मग सोफ्यावरचा.

यंदा ती आपणहून आली होती. पहिल्या रांगेत बसली होती, डोक्याला निळा रुमाल, अंगावरचा पोशाख चांगलाच ढगळ झालेला. डॉक्टरांनी नाताळचंसुद्धा काही कबूल केलं नव्हतं. का आलीस, हे एकार्टने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

"झकास!" वरच्या काचेच्या खोलीतून दिग्दर्शिका सिल्केचा आवाज आला. "झालं हे. पुढचं गाणं घेऊ."

"परत घेऊ," एकार्ट म्हणाला.

"आता काय बिघडलं?"

"अडखळलो मी."

"मुळीच नाही अडखळलात."

"माझी जीभ आहे, मला कळत नाही?"

झाडूवाले आले, कपटे गोळा झाले. मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो, या सोड्याने पोट फुगलंय आमचं! जरा लवकर आणा ते वर्ष!" सगळे हसले. गुड्रुनही हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

दुसऱ्या खेपेला शून्य म्हणताच एकार्ट मंचावरून खाली उतरला आणि थेट तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिच्या रुमालावर कपटे पडले होते. ते त्याने एकेक करून काढले. शुभेच्छा काही तोंडातून निघेनात.

"कॅमेरा तिकडे आहे, शहाण्या," ती हळूच म्हणाली.

"असू दे."

त्याला तिच्याबरोबर आणखी एक वर्ष हवं होतं. एकच. या खोट्या दुपारचं, सोड्याचं का होईना, पण हवं होतं. आयुष्यभर साऱ्या देशाला त्याने शुभेच्छा वाटल्या आणि आज हिच्यासाठी त्याच्याजवळ दोन शब्द नव्हते.

"एकार्ट, हे वापरता येणार नाही," सिल्के वरून म्हणाली. "पहिलाच टेक ठेवते."

"परत घेऊ, सिल्के."

सिल्केने काचेतून खाली पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "कपटे गोळा करा. परत एकदा."

मागच्या रांगांतून कुरकुर ऐकू आली. बँडवाले एकमेकांकडे बघत पुन्हा वाद्यं सरसावू लागले. एकार्ट मंचाकडे वळला, तसा गुड्रुनने त्याचा कोट मागून ओढला.

"एका दुपारीत किती वर्षं आणणार आहेस रे?"

"तू पुरे म्हणशील तोवर."

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. पुरे म्हणाली नाही. खुर्चीच्या हातांवर भार टाकत ती उठून उभी राहिली. झाडूवाले अजून झाडतच होते. दिवेही अजून मंदावले नव्हते. नवऱ्याचा हात घट्ट धरून ती सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दहा!"