अंगठ्यामागचा आकडा

"आता उजवा मिटा, अब्बा," जिनत म्हणाली.

डावा डोळा मिटायला सांगितला तेव्हा काही अडचण नव्हती. हात लांब करून, अंगठा नाकासमोर धरून सत्तार जीपला टेकून उभा होता. समोरच्या भिंतीवर जिनतनं खडूनं एक ते दहा आकडे लिहिले होते, चार-चार बोटं सोडून. अंगठ्यामागं चार होता. त्यानं तो बेधडक सांगून टाकला. पण आता पाळी डाव्या डोळ्याची होती, आणि डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. चौसाळ्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. घरातही नाही.

रोज सकाळी अकरा मुली त्याच्या जीपमधून बीडच्या कॉलेजात जायच्या. जिनत त्यांच्यातलीच, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. ही गोष्ट कळली असती तर एकाही बापानं पोरगी जीपमध्ये बसवली नसती.

त्यानं उजवा डोळा मिटला. समोर काहीच उरलं नाही, भिजलेल्या राखेसारखं करडं तेवढं राहिलं. त्यानं पापणी किंचित उचलली आणि उजव्या डोळ्यानंच चोरून पाहिलं. तोच चार. आकडा बदलायला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. मघाशी रहेमतबीनं, त्याच्या बायकोनं, हसत हसत दोन वेगळे आकडे सांगितले होते. कोणते, ते त्यानं ऐकलं नव्हतं.

"तीन," तो म्हणाला.

जिनतनं वहीत लिहिलं. सत्तारनं कपाळावरचा घाम पुसला.

"कशाचा अभ्यास म्हणायचा हा?" त्यानं विषय बदलला.

"दीर्घिकांचा." तिनं वहीचं पान त्याच्यापुढं धरलं. एक दीर्घिका भोवऱ्यासारखी गरगरलेली, एक अंड्यासारखी, एक नुसती विस्कटलेली. "एकेकीत अब्जावधी तारे असतात. त्या किती लांब हायेत ते मोजायची पहिली पायरी म्हंजे हा अंगठा. दोन डोळ्यांनी दोन जागी दिसतो. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. ताऱ्यांचं अंतर असंच मोजतात."

"अन् तुझ्या ह्या दीर्घिका?"

"त्या लई लांब. तिथं ही युक्ती चालत न्हाई. तिथं दिव्यावरून ओळखायचं. दिवा मुळात केवढा हाय ते माहीत असलं, की किती मिणमिणता दिसतो त्यावरून अंतर काढायचं."

"बरोबर हाय," सत्तार म्हणाला. त्याला बरं वाटलं. हे त्याच्या ओळखीचं होतं.

"पण दिवाच ओळखायला चुकला तर?" जिनतनं वही मिटली. "मांजरसुंब्याच्या घाटात चुकला तसा?"

सत्तारचा हात जीपच्या बॉनेटवर घट्ट झाला. गेल्या महिन्यात अंधार पडल्यावर तो मुलींना परत आणत होता, तेव्हा उसाचा ट्रॅक्टर समोरून येत होता. एकच दिवा, तोही मंद. त्याला वाटलं, लांबची मोटारसायकल आहे. त्यानं पुढची गाडी मागं टाकायला जीप बाहेर काढली. ऊस आरशाला घासून गेला. मागं मुली किंचाळल्या होत्या. जिनत तेवढी गप्प होती. तिनं त्याच्याकडं बघितलं होतं.

"अम्मीचा चारचा सात झाला," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यानं बघितलं की अंगठा उजवीकडंच सरकतो. कुणाचाबी. तीन येतच न्हाई, अब्बा."

आत रहेमतबी भांडी घासत होती. सत्तारनं एकदा दाराकडं पाहिलं.

"काचबिंदू हाय," तो हळूच म्हणाला. "डोळ्याच्या शिबिरात सांगितलं. दुखत न्हाई, खुपत न्हाई. एक डोळा जातो अन् दुसरा त्याचं काम सांभाळून घेतो. चांगला डोळा झाकल्याबिगर माणसाला पत्ताच लागत न्हाई. मला कळलं तवा सगळं गेलतं."

"मग औषध?"

"औषध रोजचं, जन्माचं. घरात बाटली ठेवली असती तर तुमाला समजलं असतं." त्यानं खिशातून किल्ली काढली. "उद्या त्या पोरींना एसटीनं जायला सांग. मी आता न्हाई चालवत. घाटात तुला काय झालं असतं तर... रोज रात्री तेच दिसतंय मला."

त्यानं किल्ली पुढं केली. जिनतनं ती घेतली नाही. ती जागची हललीसुद्धा नाही. आपली पोर जीपला भीत नाहीये, हे सत्तारच्या आता कुठं लक्षात आलं. ती दुसऱ्याच कशाला तरी भीत होती.

"डॉक्टर आणखी काय म्हणला होता?" तिनं विचारलं.

सत्तारनं मान खाली घातली. हे तर तो स्वतःलाही आठवू देत नव्हता.

"रक्तातून उतरतो म्हणला. लेकरांचे डोळे तपासून घ्या म्हणला. वेळेत कळलं तर वाचतो."

"मग नेलं कावून न्हाई मला?"

"नेलं असतं तर माझं बाहेर पडलं असतं."

जिनतनं वही पुन्हा उघडली. कॉलेजात हाच प्रयोग झाला त्या दिवसाचं पान काढून तिनं त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं.

"मॅडमनी सगळ्यांना दोन-दोन आकडे लिहायला लावले, अब्बा. माझा एकच आला."