बकरीचा घास

"आज या गावात एक जीव जरी उपाशी राहिला, तर माह्या बहिणीचा आत्मा अडकला समजा!" तेरवीच्या मांडवात भय्याजींनी उजवा हात वर करून जाहीर केलं. घोषणा मोठी होती, पण भात तिच्याहून मोठा निघाला. पंगती उठल्या तरी पातेल्याहून मोठा एक गंज भाताने भरलेलाच होता. मग भय्याजींनी शास्त्र जरा पुढं सरकवलं. गाईचा घास असते, कावळ्याचा असते; जनाबाईनं जन्मभर बकऱ्या पाळल्या, मग बकरीचा घास काहून नाही? दोघांना गंज उचलायला लावून त्यांनी तो मागच्या कोठ्यात नेला आणि बकऱ्यांपुढे पालथा केला.

दुपार कलली तेव्हा काबरी बकरी भिंतीला टेकून उभी होती आणि तिची डावी कूस ढोलकीसारखी वर आली होती. बाकीच्या दोघी चार तोंडं मारून बाजूला झाल्या होत्या. काबरी गाभण होती. तिनं घोषणा मनावर घेतली होती.

जनाबाईचा नवरा परसराम मांडवात खुर्चीवर बसून होता. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. लोक यायचे, त्याच्याकडे आशेनं बघायचे आणि चहा पिऊन जायचे. काहीही विचारलं की तो "हो" म्हणायचा. जेवले का? हो. जेवाचे राहिले का? हो. भय्याजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "शेवटी रामाचं नाव घेतलं ना बाईनं?" त्यालाही तो हो म्हणाला होता. खरं म्हणजे जनाबाई म्हणाली होती, "दहिवर सुकल्याबिगर बकऱ्या सोडू नका. वल्ल्या गवतातून जंत जातेत पोटात." एवढं बोलून ती भिंतीकडे वळली ती वळलीच. पण हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"बाबा, काबरी फुगली! चाला लवकर!" त्याची मुलगी रिता धावत आली. परसराम उठला. उठा म्हटलं म्हणून उठला; बसा म्हटलं असतं तर बसून राहिला असता.

कोठ्यात अर्धी तेरवी जमली होती. रितानं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला होता.

"भात खाल्ला? किती खाल्ला?"

"घासभर," भय्याजी म्हणाले.

"गंजभर," रिता म्हणाली.

"गंजभर!" फोन म्हणाला. "घरी खायचा सोडा असेल ना? कोमट पाण्यात घोळून हळूहळू पाजा. तिचं डोकं फार वर करू नका, नाहीतर पाणी छातीत जाईल. मी लाखनीहून निघतोच आहे. आणि जंताचं औषध कधी दिलं होतं? जंतांनी आधीच पोखरली असेल, तर हे तिला झेपायचं नाही."

रितानं बापाकडे पाहिलं. "बाबा, मायनं जंताचं औषध पाजलं होतं का?"

"हो."

"कधी?"

"हो."

"काहीच उरलं नाही जी माणसात," मागून कोणीतरी म्हणालं.

परसराम खाली बसला. त्यानं काबरीचं तोंड हातात घेतलं आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. जनाबाई दर बाजाराच्या दिवशी हेच करायची. एकेकीला धरायची, पापणी ओढायची. आतून लाल असली तर ठीक, फिकी असली तर जंत रक्त पिऊन राहिले. तो बाजेवरून बघायचा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं जनाबाईची पापणी अशीच ओढली होती. आतून ती पेजेसारखी पांढरी होती. असं केव्हापासून आहे, असं त्यांनी परसरामला विचारलं होतं.

"लाल आहे," परसराम म्हणाला.

हा माणूस 'हो' सोडून दुसरं काही बोलला होता.

"मग आशा आहे," फोन म्हणाला.

आचाऱ्याकडून सोडा आला. रितानं घोटाघोटानं पाजला. परसराम मुठीनं काबरीची डावी कूस चोळत राहिला. काबरी कण्हली, तिचे पुढचे पाय मुडपले. लोकांनी तिला उभं धरलं. भय्याजींनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं आणि नेमके काबरीच्या तोंडापुढे उभे राहिले. काबरी गेली तर घरातलं जनाबाईचं सगळंच गेलं, असं परसरामला वाटायला हवं होतं. त्याला एवढंच कळत होतं, की हात थांबवायचा नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काबरीनं ढेकर दिला. लांब, आंबट, थेट पोटाच्या तळातून निघालेला. भय्याजींच्या धोतराचा सोगासुद्धा हलला.

"आला! आला!" रिता ओरडली.

"आता तिला फक्त सुका पेंढा, धानाची तणीस टाका," फोन सांगत होता. "भात नको, दाणा नको. मी पोचतोच आहे."

रितानं तणशीची पेंढी आणून काबरीपुढे सोडली. पण आता फोनकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भय्याजींनी तणशीवरच पुढे पाऊल टाकलं आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. "पाहा! पाहून घ्या सगळे! बाई तृप्त झाली! आत्मा सुटला!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. कोणीतरी परसरामच्या खांद्यावर हात ठेवला. "रडा भाऊ. आता तरी रडून घ्या."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. परसरामनं वर पाहिलं. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"भय्याजी," तो म्हणाला, "पाय उचला जरासा. तिच्या तणशीवर उभे आहात तुम्ही."