विहिरीतली हलगी

छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सासऱ्यांनी गावकीची हलगी विहिरीत टाकली. त्याला चाळीस वर्षं झाली. आमची तीन वर्षांची अक्षता डबा बडवायला लागली, की अजूनही ते ओरडतात, "आपल्या घरात वाजवायचं न्हाई!"

सांगलीत अमेरिकेचा जॅझ बँड आला, म्हणून सासऱ्यांनाही घेऊन आम्ही गेलो. म्हातारा, काळा ट्रम्पेटवाला बोलला, ते दुभाष्यानं सांगितलं, "आमचे पणजोबा गुलाम होते. गुलामी मालकाची होती, ताल त्यांचा होता."

मग त्यांनी असं वाजवलं, की पायाखालची फरशी थरथरली. अक्षता खुर्ची बडवायला लागली. मी घाबरून तिचा हात धरला.

"सोड गं तिला," सासरे म्हणाले. गालावरचं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "ठेका चुकतोय तिचा. म्या दावतो."