साडेअकराचा टायम

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना बालाजीनं सगळ्या ट्यूबलाइट लावल्या. उमरग्याच्या हायवेवरचा प्रत्येक परमिट रूमवाला हेच करतो. मंद लाल दिव्याखाली गिऱ्हाईक स्वतःला जहागीरदार समजतं. ट्यूब लागली की त्याला बायको, उद्याची ड्यूटी आणि चपलेचा तुटका अंगठा एकदम दिसतो. मग ते उठतं.

एकतीस डिसेंबर होता, तरी चौदापैकी तेरा टेबलं उठली. कुरकुरत उठली, कारण रस्त्यापलीकडचे दोन्ही बार पहाटे पाचपर्यंत चालू राहणार होते.

चौदाव्या टेबलावर महारुद्र अण्णा चार माणसं घेऊन बसला होता. बारची जागा त्याची. करारावर सही बालाजीची, मर्जी अण्णाची.

बालाजीनं वेळेचा हिशेब सकाळीच मांडला होता. बाराला शटर, दोनला सोलापूर. सहाला तिथल्या दवाखान्यात त्याच्या बायकोला, शुभांगीला, ऑपरेशनला आत नेणार होते. "आत जायच्या आधी तुमचं तोंड दिसू द्या," दुपारी ती फोनवर एवढंच म्हणाली. ती परत शुद्धीवर येईल का, याबद्दल डॉक्टर जे बोलले होते ते नवराबायको दोघांनी ऐकलं होतं आणि दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नव्हता. पाचला शटर ओढून सहाला सोलापूर गाठता येत नाही.

हे अण्णाला सांगण्यात अर्थ नव्हता. अण्णा माणूस दिलदार. गेल्या साली सासरे वारले तेव्हा बालाजीनं सांगितलं, तर म्हणाला, "जावा तुमी, दुकान आमी बघतो." त्यांनी बघितलं. त्या रात्रीच्या मारामारीत वेटर राजपालच्या डोक्याला नऊ टाके पडले.

अण्णाला ऊठ म्हणायची धमक आपल्यात नाही, हे बालाजीला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं ते काम सरकार करत होतं. "टायम झाला अण्णा, सरकारचा नियम हाय," एवढ्यावर भागायचं. एकतीस तारखेला जादा वेळेची परवानगी हवी तर पूर्वी धाराशिवला चकरा माराव्या लागत. "यंदाबी मिळाली न्हाय" म्हटलं की कुणालाही पटायचं. या वर्षी सगळं सोपं झालं. मोबाईलवर अर्ज, तिथंच फी, दहा मिनिटांत परवानगी. सगळ्या हायवेनं अर्ज केला. बालाजीनं केला नाही. एका रात्रीत महिन्याचा गल्ला सोडला. स्वतःच्या तोंडाची एवढी किंमत त्यानं आयुष्यात लावली नव्हती.

तो टेबलाजवळ गेला. आवाज जमेल तितका दुःखी केला.

"अण्णा, माजी काय बी इच्छा न्हाय. पर आपल्याला जादा टायमाची परवानगीच न्हाय. बंद करावं लागतंय."

 अण्णानं त्याला हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"मला ठावं हुतं तुमी इसरणार. वहिनी दवाखान्यात, तुमचं ध्यान कुठं असतंय. खर्चाचे दिवस, अन् असला धंदा बुडवायचा व्हय?" त्यानं खिशातून मोबाईल काढला. "आमच्या भाच्याच्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरवर तुमच्या लायसनचा पासवर्ड हायच की. सकाळीच भरून घेतलं तुमच्या नावानं. फी आपली. लई सोपं झालंय आता."

पडद्यावर शिक्का मारलेला कागद होता. नाव बालाजीचं. वेळ पहाटे पाच.

अण्णाच्या माणसानं दारात जाऊन हाळी दिली. पायरीवर घुटमळणारं गिऱ्हाईक परत आत येऊ लागलं. राजपालनं एकदा मालकाकडं बघितलं आणि ग्लास मांडायला घेतले.

अण्णानं बालाजीच्या पाठीवर हात ठेवला.

"निवांत ऱ्हावा, शेठ. आता तुमाला बंद करा म्हणणारं कुणीबी न्हाय."