जेवून बसावं, चहाला उठावं

“जेवूनच आलोय, तुमी लिवलंयसा तसं,” मीनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेपरचं कात्रण टेबलावर ठेवलं.

जयसिंगनं ते लगेच ओळखलं. त्याचंच होतं. कसबा बावड्यात त्याचं चार संगणकांचं सायबर कॅफे होतं, आणि दर शनिवारी तो पेपरच्या पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा. सासुरवाडीच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्या जावयासारखा तो प्रत्येक गेममध्ये खोट काढी, आणि वाचकांना तेच आवडे. या वेळी एका जुन्या मारधाडीच्या मालिकेतला छोटा गेम त्याच्या तावडीत सापडला होता. मालिकेचे सात दणदणीत भाग होऊन गेलेले. हा आठवा नव्हे, नायकाच्या साथीदाराला घेऊन वेगळा काढलेला. जयसिंगनं त्याला पाचपैकी दीड तारा दिला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘दुपारी जेवून बसावं आणि चहाला उठावं, एवढाच खेळ. कुणी केला आणि कशासाठी केला, देव जाणे.’ त्या वाक्यासाठी त्याला चार जणांचे कौतुकाचे फोन आले होते.

“माझ्या पोरानं केलाय,” मीनाबाई म्हणाल्या. “पृथ्वीराजनं. पुण्यात कंपनीत हुता. ह्यातली झाडं, भिंती त्यानं काढल्यात.”

जयसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई भांडायला आली असं वाटून तो सारवासारव करू लागला. “मावशी, मला तसं म्हणायचं न्हवतं...”

“त्येचं काय न्हाय. पोरगा ऱ्हायला न्हाय आता. मे म्हयन्यात हायवेला गाडीवरनं गेला.” त्यांनी कात्रण सरळ केलं. “त्येच्या आदी घरला आलता तवा म्हणालता, आई, खेळ संपला की माणसांची नावं खालनं वर जात्यात, त्यात माझंबी असंल. तेवढं बघायचंय. गावात म्हणाले, असल्या खेळाला आठ-आठ दिस लागत्यात. मग तुमचं हे वाचलं. म्हटलं, दुपारात हुतंय तर साडेपाचच्या मलकापूर गाडीला परत जाता यील.”

जयसिंगनं शटर अर्धं ओढलं आणि खेळायला बसला. त्या गेमचा शेवट त्यानंही पाहिला नव्हता. अर्ध्यात कंटाळून सोडला होता आणि किती वेळात संपतो ते परदेशी परीक्षणांतून उचललं होतं. हे त्यानं मीनाबाईंना सांगितलं नाही.

पडद्यावर गोळ्या सुटत होत्या. मीनाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या मागच्या भिंती बघत होत्या, झाडं बघत होत्या. एका वळणावर त्या म्हणाल्या, “जरा थांबा की हितं.” जयसिंग थांबला. नदीकाठी एक झाड होतं. त्याचं पान न् पान काढलेलं होतं, काही पानांना कीड लागल्यासारखी भोकंसुद्धा होती. गेल्या वेळी तो याच झाडाखालून पळत गेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. मग तो मुद्दाम हळू खेळू लागला. तरी सव्वाचारला गेम संपलाच.

नावं वर सरकू लागली. मीनाबाईंनी पदर सावरला आणि हात मांडीवर ठेवून त्या सरळ बसल्या. जयसिंग एकेक नाव डोळ्यांखालून घालत होता. शेकडो नावं, सगळी परदेशी. अगदी शेवटी पुण्याच्या कंपनीचं नाव आलं. एकच ओळ. त्याखाली माणसांची नावं असतील म्हणून तो पुढं झुकला, तर पडदा काळा झाला. काम बाहेरून करून घेतलेलं होतं, करणाऱ्यांची नावं कुणी घातलीच नव्हती.

“आलं?” मीनाबाईंनी विचारलं.

खरं सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं. त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्याची छाती झाली नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “आलं की.”

मीनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. आपण बरं केलं, असं जयसिंगला वाटलं. त्यानं उठून चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पण पिशवी काही उचलली नाही. उलट खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढून घेतली.

“मला इंग्लिश येत न्हाय, आन् नावं लई भरभर गेली,” त्या म्हणाल्या. “मी मुक्कामाच्या गाडीनं जातो. परत पैल्यापास्नं लावा, आन् ह्या बारीला त्येच्या नावावर बोट ठिवून दावा. एवढाच तर खेळ हाय न्हवं?”