व्याह्यांचा आंबा

विहीणबाईंनी देवापुढचा आंबा उचलून डॉ. सरपोतदारांच्या हातात ठेवला. "पहिलं फळ तुमचं, व्याही. त्याआधी कोणी दात लावायचा नाही, असं घरात बजावलंय."

आंब्याची वाकडी चोच पाहताच डॉक्टरांनी जात ओळखली. आंब्याचे नवे संकर करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि हा त्यांनीच लेकीसमोर चाखून नापास केलेला. आंबट, रेषाळ. एक कलम उरलं होतं. फेकायचंच आहे, तर भेट म्हणून खपेल, अशा हिशेबाने लेकीच्या लग्नात त्यांनी ते विहीणबाईंना दिलं होतं.

"तुम्ही सांगितलंत तसा दोन वर्षं मोहोर खुडला. विहीर आटली तेव्हा प्यायच्या हंड्यातलं पाणी घातलं."

डॉक्टरांनी आंबा कापून एक फोड तोंडात टाकली. धागे दातांत अडकले. दारात उभी असलेली लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"गोड आहे," ते म्हणाले.

"मग याची दोन कलमं बांधून द्या. आमच्या धाकटीचं ठरलंय. तिच्या सासरी असंच निवडून दिलेलं काही द्यावं म्हणते."

लेकीने नजर वळवली. डॉक्टर मान खाली घालून कोय चोखत राहिले.